विहीर, पोफळीची बाग आणि घरातील साबण-पावडरी: कशाच्या जागी काय वापरावे?

गुहागरची वाडी (प्रश्न)

नमस्कार. आमचे घर गुहागरला, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आहे. मागच्या अंगाला पिण्याच्या पाण्याची विहीर आहे आणि न्हाणीघराचे व भांडी घासण्याच्या जागेचे सांडपाणी पाटाने माड-पोफळींना जाते. सासूबाईंच्या उमेदीच्या काळात या पाण्यात शिकेकाई, राख आणि थोडासा साबण एवढेच असे. आता कपड्यांची पावडर, भांड्यांचा द्रवरूप साबण, शांपू, फिनेल असे सगळेच त्यात उतरते. जमीन पुळणीची असल्यामुळे वर ओतलेले पाणी खाली झिरपायला वेळ लागत नाही, आणि ही गोष्ट मला अलीकडे फार अस्वस्थ करते.

रिठा, व्हिनेगर, खाण्याचा सोडा, लिंबू यांच्या कृती वाचायला पुष्कळ मिळतात, परंतु त्यांतले खरोखर काय उपयोगी आहे आणि काय केवळ ऐकायला बरे वाटते, हे कळत नाही. आपल्या हवेत आणि आपल्या पाण्यात जे टिकते, तेच कृपया सांगावे.

रसायनशास्त्र शिक्षक, रत्नागिरी

ताई, सुरुवात कपड्यांच्या पावडरीपासून करावी, कारण बागेच्या दृष्टीने सर्वांत मोठा बोजा तिचाच असतो. स्वस्त पावडरींत धुण्याचा सोडा आणि सोडियमचे इतर क्षार भरपूर असतात. पावसाळ्यात कोकणात सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो हे क्षार धुऊन नेतो, परंतु फेब्रुवारी ते मे या कोरड्या महिन्यांत, जेव्हा बाग मुख्यतः सांडपाण्यावर आणि शिंपण्यावर जगते, तेव्हा ते मुळांशी साचत राहतात. केवळ पावडर सोडून द्रवरूप साबण मोजून वापरला, तरी क्षार बरेच कमी होतात. निसर्गाकडे वळण्याची ही पहिली पायरी दिसायला साधी आहे, पण तिचा परिणाम मोठा आहे.

रिठ्याविषयी थोडे सविस्तर लिहितो. रिठ्याच्या सालीत सॅपोनिन असते; ते पाण्याचा पृष्ठताण कमी करून तेलकट मळ सोडवते. साध्या साबणाचा कठीण पाण्यात चोथा होतो, कारण पाण्यातील कॅल्शियमशी त्याचा न विरघळणारा क्षार तयार होतो. सॅपोनिनचे तसे होत नाही, म्हणून खाडीकाठच्या ज्या विहिरींचे पाणी उन्हाळ्यात मचूळ होते, तेथेही रिठा काम देतो. रेशमी साड्या, लोकरीचे कपडे आणि सोन्याचे दागिने यांसाठी तो उत्तमच आहे. मात्र मातीने माखलेल्या किंवा घामट सुती कपड्यांवर त्याची ताकद कमी पडते आणि पांढऱ्या कपड्यांना हळूहळू पिवळसर झाक येते. उकळून गाळलेले पाणी आपल्या दमट हवेत दोन-तीन दिवसांत आंबते, तेव्हा लागेल तेवढेच करावे आणि सुकी साल घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवावी.

आता एक गोष्ट आवर्जून सांगायची आहे. सॅपोनिन माशांच्या कल्ल्यांना घातक असते. सॅपोनिन असलेल्या वनस्पती कुटून डोहात टाकायच्या आणि मासे पकडायचे, ही जगात अनेक ठिकाणची जुनी पद्धत आहे. त्यामुळे रिठ्याचे पाणी मातीत मुरू द्यावे, तेथे त्याचे विघटन होते. ते पऱ्ह्यात किंवा ओढ्यात थेट सोडू नये. वस्तू झाडावरून आली म्हणून ती सर्वांना निरुपद्रवी असते, असे मुळीच नाही.

खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र करण्याची कृती सोडून द्यावी. आम्ल आणि अल्कली एकमेकांना निष्प्रभ करतात, फेस येतो तो कार्बन डायऑक्साइडचा, आणि मागे उरते ते सोडियम ॲसिटेटचे पाणी. चिकट ओट्याला सोडा वेगळा लावावा, नळावरच्या पांढऱ्या थराला व्हिनेगर वेगळे. संगमरवरी किंवा शहाबादी फरशीवर लिंबू वा व्हिनेगर वापरू नये, कारण दोन्ही दगड चुन्याचे असून आम्लाने झिजतात. आणि संडास धुण्याचे आम्ल व ब्लीच कधीही एकत्र येऊ देऊ नयेत. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद न्हाणीघरात तो जिवावर बेतू शकतो.

वेंगुर्ल्याची सून

आमच्याकडे भांड्यांसाठी आणि अंगासाठी घरच्याच खोबरेल तेलाचा साबण होतो. वाडीत नारळ असताना बाहेरून आणलेला तथाकथित नैसर्गिक साबण महागात पडतो, हे माझे स्पष्ट मत आहे. भांड्यांसाठी एक किलो तेलाला सुमारे १८० ग्रॅम कॉस्टिक सोडा लागतो; अंगाच्या साबणासाठी मी तो १५० ग्रॅमच घेते, म्हणजे थोडे तेल न बदलता शिल्लक राहते आणि त्वचा कोरडी पडत नाही. सोडा नेहमी पाण्यात घालावा, सोड्यावर पाणी ओतू नये. ॲल्युमिनियमचे भांडे अजिबात घेऊ नये, आणि मुले त्या वेळी आसपास नसावीत. वड्या महिनाभर तरी सुकवाव्यात. हे काम डिसेंबर-जानेवारीत उरकावे, कारण पावसाळ्यात साबणातले ग्लिसरीन हवेतले पाणी ओढून घेते आणि वड्यांना घाम सुटतो.

घासणीसाठी नारळाचे सोडण, म्हणजे वरची काथ्याची साल, पुरते. प्लॅस्टिकच्या घासणीचे तुकडे पाटातून बागेत जातात, ते तरी थांबतात. तांब्या-पितळेच्या भांड्यांना आगळ काढून उरलेला कोकमांचा चोथा लावावा. भेगाळलेल्या टाचांना आणि फुटलेल्या ओठांना कोकमाच्या बियांचे मुठेल लावावे. त्याचा गोळा आपल्या उष्णतेतही घट्ट राहतो आणि अंगाला लावला की वितळतो, त्यामुळे बाजारातील कोणत्याही मलमाची उणीव मला भासलेली नाही. केसांसाठी शिकेकाईच्या पाण्यात जास्वंदीची पाने चुरून त्यांचा बुळबुळीत रस गाळून घ्यावा. केस मऊ राहतात आणि गुंता सुटतो. रिठा मात्र लहान मुलांच्या डोक्याला लावू नये, डोळ्यांत गेला तर फार झोंबतो.

गुहागरची वाडी

दोघांचेही मनापासून आभार. पावडर या आठवड्यापासूनच बंद करते. एक राहिलेच. सासूबाई अजून मशेरी लावतात आणि टूथपेस्टपेक्षा तीच नैसर्गिक, असे म्हणतात. चार वर्षांच्या नातीसाठी मीठ आणि कोळशाची पूड करावी, असा त्यांचा आग्रह आहे. हे योग्य आहे का?

दंतवैद्य, दापोली

नाही, आणि येथे मी कोणतीही तडजोड सुचवणार नाही. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच होय. हिरड्यांतून निकोटीन रक्तात जाते, त्याची सवय जडते आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. दंतमंजनात व टूथपेस्टमध्ये तंबाखू घालण्यावर भारत सरकारने १९९२ मध्येच बंदी घातली आहे; घरी भाजून केलेली मशेरी त्या कायद्याच्या कक्षेत येत नसली, तरी शरीराला दोन्ही सारखीच.

कोळसा आणि मीठ खरखरीत असल्यामुळे दातांवरचे कवच झिजते, आणि एकदा झिजलेले कवच पुन्हा तयार होत नाही. लिंबू चोळणेही त्याच कारणासाठी वर्ज्य आहे. नातीला फ्लोराइडयुक्त पेस्ट वाटाण्याएवढी द्यावी, समोर उभे राहून ब्रश करून घ्यावा आणि थुंकायला शिकवावे. बाभळीची किंवा कडुनिंबाची कोवळी काडी मोठ्यांनी जोडीला वापरण्यास हरकत नाही. घरातल्या अनेक वस्तू बदलता येतील, फ्लोराइडची पेस्ट मात्र बदलू नये.

सासूबाईंनी मशेरी एकदम सोडली तर काही दिवस चिडचिड आणि डोकेदुखी होईल, त्या काळात त्यांना रागावू नये. गालाच्या आतल्या बाजूला पांढरा किंवा लाल चट्टा दिसत असेल, अथवा दोन आठवड्यांत न भरणारा व्रण असेल, तर जवळच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात तोंड दाखवून घ्यावे. दुखत नसले तरी दाखवावे, कारण सुरुवातीला हे चट्टे बहुधा दुखत नाहीत.