जिलेटिन, व्हिनेगर, कोळंबी: हलाल-हराम नेमकं ठरतं कसं?

ओवी_७:
पाकीटबंद पदार्थांच्या घटकांची यादी मुस्लिम ग्राहकांसाठी तपासायची आहे. डुक्कर आणि दारू नको, एवढं कळतं. पुढे गाडी अडते. एका तक्त्यात जिलेटिन हराम आहे, तर दुसऱ्यात चालेल असं लिहिलंय. व्हिनेगर दारूपासून होतं तरी हलाल, आणि कोळंबीवर दोन मतं. घटक समोर आला की आधी काय विचारायचं?

नसीम:
आधी विचारा, हे प्राण्यापासून आलंय का? फिक्हचं, म्हणजे इस्लामी धर्मशास्त्रीय कायद्याचं, मूळ गृहीतक असं की मनाईचा पुरावा नसेल तर वस्तू हलाल. धान्य, भाजी, फळ, मीठ यांना वेगळी परवानगी शोधावी लागत नाही. घातक किंवा नशा आणणारं असेल तरच अडतं. मांसाचं नेमकं उलट आहे. रीतसर जबीहा, म्हणजे अल्लाहचं नाव घेऊन गळा कापणं, झाल्याचं कळेपर्यंत ते हलाल धरत नाहीत. तक्ते चुकतात ते इथेच, दोन्हींना एकच नियम लावून.

कुरआनच्या पाचव्या सूरेतली (अध्यायातली) तिसरी आयत (वचन) मुख्य यादी देते: मेलेलं जनावर, रक्त, डुकराचं मांस, अल्लाहखेरीज दुसऱ्याच्या नावाने कापलेलं. गळा आवळून, मार बसून, पडून किंवा शिंग लागून मेलेलंही त्यातच. जीव असताना कापता आलं तर ते सुटतं. रक्त म्हणजे वाहतं रक्त, सहाव्या सूरेतल्या १४५व्या आयतीत तसं स्पष्ट आहे. त्यामुळे जबीहा केलेलं मांस धुताना पाणी लालसर आलं म्हणून ते हराम होत नाही.

पुढचे नियम मजहबाप्रमाणे बदलतात. मजहब म्हणजे इस्लामी कायद्याची परंपरा; सुन्नींत हनफी, शाफई, मालिकी, हंबली अशा चार. कापण्यात हनफी मजहब श्वासनलिका, अन्ननलिका आणि मानेच्या दोन मोठ्या रक्तवाहिन्या या चारांपैकी किमान तीन तुटल्या पाहिजेत असं म्हणतो. शाफईंना श्वासनलिका आणि अन्ननलिका पूर्ण तुटलेली हवी. हनफींकडे जाणूनबुजून अल्लाहचं नाव टाळलं तर मांस हराम, विसरलं तर माफ. शाफई नाव घेणं सुन्नत, म्हणजे चांगलं पण सक्तीचं नाही, असं मानतात. कापण्याआधी विजेचा झटका देत असतील तर झटका दिलेली एखादी कोंबडी न कापता बाजूला ठेवायला सांगा. ती शुद्धीवर आली पाहिजे. झटक्यानेच जीव गेला असेल तर नंतरची सुरी कितीही नीट फिरली तरी ते मेलेलं जनावरच.

अन्नतंत्र:
व्हिनेगर आणि जिलेटिनचा वाद ‘इस्तिहाला’चा आहे, म्हणजे वस्तूचं स्वरूपच पालटणं. दारू आपोआप आंबून व्हिनेगर झाली तर चारही मजहबांत हलाल. मीठ वगैरे घालून मुद्दाम केली तर हनफी हलाल मानतात, शाफई नाही. शाफईंचं कारण बारकाईचं आहे: घातलेली वस्तू दारूत पडताक्षणी नापाक झाली, आणि दारूचं व्हिनेगर झालं तरी ती आत राहून त्याला पुन्हा नापाक करते.

जिलेटिन होतं ते कातडी-हाडांतलं कोलॅजेन आम्ल किंवा अल्कलीने सैल करून, गरम पाण्यात उतरवून. काहीजण याला इस्तिहाला म्हणतात. आजचे बहुतेक फकीह (फिक्हचे जाणकार) म्हणतात की प्रथिन तुटलं, पण पालटलं नाही, म्हणून डुकराचं जिलेटिन हराम. मलाही हे मत जास्त पटतं. नुसतं ‘जिलेटिन’ किंवा त्यासाठी लिहिला जाणारा ‘ई ४४१’ हा क्रमांक वाचून काहीच ठरत नाही. मासा, जबीहा केलेली गाय की डुक्कर, हे पुरवठादाराकडून लेखी घ्या. ‘ई ४७१’ या चरबीपासून केलेल्या, तेल-पाणी एकत्र धरणाऱ्या घटकाचंही तसंच, त्यातली चरबी वनस्पतीची असते किंवा प्राण्याची. उत्तर येईपर्यंत ‘मुश्तबह’ म्हणजे संशयित लिहा, हराम नको. चीजसाठी रेनेट, म्हणजे दूध गोठवणारं द्रव्य, कशाचं ते पाहा. सूक्ष्मजीवांपासूनचं असेल तर रेनेटचा प्रश्न मिटला.

ओवी_७:
आणि एकाच कढईत हलाल आणि हराम दोन्ही तळलं तर?

नसीम:
इथे तुपात पडलेल्या उंदराची हदीस (पैगंबरांची सांगितली जाणारी शिकवण) कामी येते. उंदीर आणि त्याच्या भोवतीचं तूप काढून टाकायचं, उरलेलं खायचं. बहुतेक फकीह हे थिजलेल्या तुपापुरतं धरतात, पातळ असेल तर सगळंच नापाक. गरम तेल पातळच, त्यामुळे हलाल नसलेलं चिकन तळलेल्या कढईत नंतर तळलेला बटाटाही गेला. तेल बदला, कढई घासून धुवा. निव्वळ ‘लागलं असेल’ या शंकेवर मात्र काही हराम होत नाही, कारण नियम असा की खात्री शंकेने जात नाही.

कोळंबीबद्दल: हनफींना पाण्यातला फक्त मासा चालतो, आणि आपोआप मरून तरंगणारा मासाही नाही. त्यामुळे भांडण कोळंबीला मासा म्हणायचं का, एवढंच आहे. जुन्या अरबी वापरावर जाणारे हो म्हणतात, शरीररचना पाहणारे नाही. शाफई, मालिकी, हंबलींना कोळंबी सरळ हलाल. तुमच्या तक्त्यात मजहबाचा वेगळा रकाना ठेवा, अशा घटकांपुढे एकच शब्द लिहून भागणार नाही.