विषय : गरम पाणी लावल्याशिवाय रेडिएटर तापत नाहीत

सर्वांना धंतोलीहून सप्रेम नमस्कार.

सासूबाईंच्या शस्त्रक्रियेमुळे मी सध्या नागपुरात आहे आणि इंग्लंडमधल्या आमच्या घरी मुलगा एकटाच आहे. घर जुने आहे. बॉयलर स्वयंपाकघरात, गरम पाण्याची तांब्याची टाकी वरच्या मजल्यावरच्या कपाटात आणि भरणीची छोटी टाकी माळ्यावर, अशी मांडणी आहे. गेल्या आठवड्यापासून नुसते हीटिंग (म्हणजे गरम पाण्याने खोल्या उबदार करणारे रेडिएटर) लावले की बॉयलर पेटतच नाही. सोबत गरम पाण्याचे बटण दाबले की मात्र बॉयलरही पेटतो आणि रेडिएटरही तापतात. पाहायला आलेल्या कारागिराने व्हॉल्व्ह पूर्ण बदलावा लागेल, त्यासाठी सगळे पाणी काढून पुन्हा भरावे लागेल, असे सांगून बराच मोठा आकडा दिला आहे. हा खर्च टाळता येण्यासारखा आहे काय?

आपली,
धंतोली, नागपूर

———

ताई, सप्रेम नमस्कार.

मी बजाजनगरलाच असतो. निवृत्तीपूर्वी तिकडे अनेक वर्षे हेच काम केले असल्याने थोडे सविस्तर लिहितो. आपण दिलेले लक्षण इतके नेमके आहे की, पाण्याचा एक थेंबही न काढता पुढचा शोध घेता येईल. कुलर गरम हवा फेकू लागला म्हणून नागपुरात कोणी पंखा बदलत नाही. पंप पाणी चढवतो की नाही, ते आधी पाहतात. येथेही तसेच करावे.

टाकीजवळच्या कपाटात तीन तोंडांचा पितळी व्हॉल्व्ह असेल आणि त्याच्या डोक्यावर त्याला फिरवणाऱ्या मोटरचा पत्र्याचा डबा असेल. बॉयलरकडून येणारे पाणी एका तोंडाने आत शिरते, दुसऱ्याने टाकीकडे आणि तिसऱ्याने रेडिएटरकडे जाते. विजेचा पुरवठा नसताना आतली स्प्रिंग टाकीचीच वाट उघडी ठेवते, म्हणून हा व्हॉल्व्ह बिघडला तरी बहुतेक घरांत गरम पाणी मिळत राहते आणि तक्रार रेडिएटरचीच येते. डब्यातून पाच तारा निघतात. निळी न्यूट्रल आणि हिरवी-पिवळी अर्थिंग, यांचा येथे प्रश्न नाही. खोलीतल्या थर्मोस्टॅटने (तापमान पाहून वीज चालू-बंद करणाऱ्या स्विचने) उष्णता मागितली की पांढऱ्या तारेत वीज येते. टाकीचे पाणी पुरेसे तापले असेल, किंवा टायमरवर गरम पाणी बंद असेल, तर करड्या तारेत वीज येते. नुसती पांढरी जिवंत असेल तर मोटर व्हॉल्व्ह मधोमध आणून थांबवते आणि दोन्ही वाटा उघड्या राहतात. पांढरी आणि करडी दोन्ही जिवंत असतील तर ती टोकापर्यंत जाऊन टाकीची वाट बंद करते. त्या टोकाला पोहोचल्यावरच डब्यातला मायक्रोस्विच (छोटा स्विच) दाबला जातो आणि नारिंगी तारेतून बॉयलर व पंप यांना वीज मिळते.

आपल्या घरी दोन्ही लावल्यावर सर्व काही सुरळीत चालते, कारण त्या वेळी बॉयलरला आज्ञा टाकीच्या थर्मोस्टॅटकडून थेट मिळते आणि व्हॉल्व्हच्या मायक्रोस्विचची गरजच पडत नाही. म्हणजे बॉयलर, पंप आणि रेडिएटर निर्दोष आहेत, हे घरबसल्या सिद्ध झाले. दोष एकतर व्हॉल्व्हच्या डब्यात आहे, नाहीतर करड्या तारेपर्यंत वीज पोहोचत नाही.

मुलाला मल्टिमीटर (वीज मोजण्याचे यंत्र) वापरता येत असेल तरच पुढचे करावे. टायमरवर गरम पाणी पूर्ण बंद ठेवून हीटिंग लावावे, खोलीतल्या थर्मोस्टॅटचे तापमान वर चढवावे आणि तारा जेथे एकत्र येतात त्या जोडपेटीत न्यूट्रलच्या संदर्भात पांढरी, करडी आणि नारिंगी या तिन्ही तारा मोजाव्यात. गरम पाणी चालू ठेवून मोजल्यास टाकीच्या थर्मोस्टॅटची वीज नारिंगी तारेवर दिसते आणि निष्कर्ष फसतो. आणखी एक धोका ठळकपणे सांगतो : टायमरवर दोन्ही बटणे बंद असतानाही करडी तार जिवंत असते. त्यामुळे स्क्रू सोडण्यापूर्वी भिंतीवरचा फ्यूजचा स्विच बंद करून फ्यूज काढून खिशात ठेवावा आणि मीटरने खात्री करून घ्यावी. बॉयलरचे आवरण मात्र उघडू नये. तो गॅसचा मामला आहे आणि तेथे नोंदणीकृत माणूसच लागतो.

आपला,
बजाजनगर, नागपूर

———

काका, नमस्कार.

येथील रात्रीच्या साडेदहाला, म्हणजे तिकडच्या संध्याकाळी पाचला, मुलाशी फोनवर बोलत बोलत हे सर्व केले. पांढरीवर २३८ व्होल्ट, करडीवरही २३८ आणि नारिंगीवर शून्य. आता पुढे काय करावे?

धंतोली

———

ताई,

यापेक्षा स्वच्छ उत्तर मिळत नाही. व्हॉल्व्हला दोन्ही आज्ञा पोहोचतात आणि तो बॉयलरला निरोप देत नाही. मोटर टोकापर्यंत जात नसेल, किंवा मायक्रोस्विच झिजला असेल. दोन्ही वस्तू त्या डब्यातच आहेत.

आता फक्त पितळी अंगाची परीक्षा राहिली. वीज बंद करून डबा उतरवावा आणि खालची छोटी दांडी बोटांनी, फार तर पकडीने हलकेच, फिरवून पाहावी. ती सहज फिरली तर पितळी अंग चांगले आहे, आणि तसाच डबा नवा आणून बसवला की काम झाले. पाणी काढण्याचा प्रश्नच उरत नाही. ती जाम असेल तर त्या कारागिराचे म्हणणे खरे मानावे, कारण जाम दांडीवर बसवलेली नवी मोटरही लवकरच जळेल. फार जुन्या घडणीत डबा सुटा निघत नाही आणि त्याचे स्क्रू सोडले तर पाणी उसळते, म्हणून आधी छायाचित्र पाठवा.

डबा सुटा निघणारा असेल तर जुन्या तारांचे छायाचित्र काढून, एकेक तार सोडून त्याच जागी नवी जोडावी. नवा डबा बसवताना बाजूची तरफ मधल्या खाचेत अडकवून ठेवली म्हणजे दांडी नीट बसते. नंतर तरफ मोकळी करायला विसरू नये.

बजाजनगर

———

काका, छायाचित्र पाहून आपण होकार दिल्यावर मुलाने कालच डबा बदलला. दांडी अगदी मोकळी होती. आता नुसत्या हीटिंगवर बॉयलर पेटतो. मात्र हीटिंग बंद झाल्यावरही नवा डबा हाताला कोमट लागतो, हे बरोबर आहे काय?

धंतोली

———

ताई, बरोबर आहे. गरम पाणी बंद असेपर्यंत करड्या तारेतली वीज मोटरला त्याच जागी धरून ठेवते, म्हणून डबा कोमट राहतो. ही या रचनेची सवयच म्हणावी लागेल, आणि माझ्या मते मोटर लवकर झिजण्याचे ते एक कारणही आहे. पण तो दोष नव्हे.

इतर सभासदांसाठी एक सूचना. ज्यांच्या घरी माळ्यावर टाक्या नाहीत आणि गरम पाण्याचे सिलिंडर थेट नळाच्या दाबावर चालते, त्यांनी वरील मजकूर आपल्या घराला लावू नये. तेथे बहुधा दोन तोंडांचे दोन स्वतंत्र व्हॉल्व्ह असतात, तारांच्या रंगांचा अर्थ बदलतो (करडी तार बहुधा कायमची जिवंत असते), आणि सिलिंडरकडचा व्हॉल्व्ह ही सुरक्षेची व्यवस्था असते : पाणी मर्यादेबाहेर तापले की त्याची वीज तुटून तो स्प्रिंगने मिटला पाहिजे. तो तरफेने उघडा अडकवून ठेवू नये, आणि त्याचे काम त्या सिलिंडरची अर्हता असलेल्या माणसाकडूनच करून घ्यावे.

बजाजनगर