अरबीत एकाच धातूतून एवढे उलटसुलट अर्थ कसे काय निघतात?

अलिफपासून_सुरू
अरबी शिकतेय. तीन व्यंजनांच्या धातूची पद्धत आवडली, क-त-ब म्हणजे लिहिणं, त्यावरून किताब, कातिब म्हणजे लिहिणारा, मक्तब म्हणजे ऑफिस, सगळं सरळ. पण ह-र-म ला येऊन गाडी अडली. हराम म्हणजे निषिद्ध ना, मग मक्केच्या मशिदीचं नावच अल-मस्जिद अल-हराम कसं? आणि एहतराम म्हणजे आदर, महरूम म्हणजे वंचित, हेही त्यातलेच! खरंच एक धातू आहे की नुसती अक्षरं जुळलीत?

कोशवाचक
एकच आहे. फक्त 'निषिद्ध' म्हणजे 'वाईट' असं डोक्यात धरू नका. मूळ कल्पना मज्जावाची आहे, मग ती गोष्ट वाईट म्हणून लांब राहायचं असेल नाहीतर पवित्र म्हणून. मक्केच्या हरम हद्दीत शिकारीला मनाई, मुहर्रम महिन्यात लढाईला मनाई, हरीम म्हणजे घरातला परक्यांना मज्जाव असलेला भाग, आणि ज्याच्या वाट्याला काही येऊच दिलं नाही तो महरूम. ज-न-न पण बघा, मूळ अर्थ झाकणं, त्यातून न दिसणारा जिन्न, पोटातला गर्भ जनीन, झाडांनी झाकलेली बाग जन्ना (स्वर्गही तोच) आणि वेडा तो मजनून. मला तर हा धातू सगळ्यात सुंदर वाटतो.

साचेबंद
साच्यामुळेही, म्हणजे धातूची व्यंजनं ज्या ठरावीक रचनेत बसवतात त्यामुळेही, अर्थ उलटतो बरं का. क-स-त घ्या, कुराणात कासित म्हणजे अन्याय करणारा आणि मुक्सित म्हणजे न्यायी, दोन्ही आहेत. जुने व्याकरणकार सांगतात की क्रियापदाचा चौथा साचा (मुक्सित त्यातलाच) कधीकधी मूळ अर्थ काढून टाकतो. अ-ज-म मध्ये अस्पष्ट बोलण्याचा अर्थ, म्हणून अरब नसलेले ते अजम, पण चौथ्या साच्यात अक्षरांना नुक्ते म्हणजे ठिपके देऊन अस्पष्टपणा घालवणं, आणि त्यातूनच मुअजम म्हणजे शब्दकोश!

जुनी_पानं
वरचं पटलं, पण प्रत्येक वेळी सगळं एका सूत्रात बसवायचा अट्टहास नको, अजाब म्हणजे यातना आणि अज्ब म्हणजे गोडं पाणी, अक्षरं तीच, आणि ते जोडायला जी स्पष्टीकरणं देतात ती मला ओढूनताणून वाटतात. शिवाय काही शब्द एकटेच दोन्ही बाजूंचे, त्यांना अद्दाद म्हणतात. जौन म्हणजे काळा आणि पांढराही, मौला म्हणजे मालक आणि त्याने मुक्त केलेला गुलामही. दहाव्या शतकात इब्न अल-अंबारीने यांच्यावर अख्खा ग्रंथ लिहिलाय. साप चावलेल्याला सलीम म्हणजे 'सुखरूप' म्हणायचे, तो वाचावा म्हणून शुभ बोलायचं.

अलिफपासून_सुरू
बापरे, मस्त! मग अक्कल आणि अरब डोक्यावर बांधतात तो इकाल, हेही एकच का?

कोशवाचक
हो. उंटाचा पाय दुमडून बांधायची दोरी म्हणजे इकाल, मनाला आवरते ती अक्ल, आणि मुअतकल म्हणजे कैदेत टाकलेला.