पिकअपचे पुढचे ब्रेक पॅड वरचेवर संपतात: सवय की बिघाड? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

आमची मालवाहू पिकअप आहे. पुढे डिस्क, मागे ड्रम. मी आणि धाकटा भाऊ आलटून पालटून चालवतो. पुढचे पॅड फार लवकर जातात, मागचे लायनर (ड्रमच्या आत घासणारं अस्तर) मात्र नव्यासारखे. मेकॅनिक "गाडी कशी चालवता त्यावर आहे सगळं" एवढं बोलून मोकळा झाला.

भावाची तऱ्हा अशी: पुढच्या गाडीच्या शेपटीला लागून जायचं आणि सारखा ब्रेक मारायचा. उतारावरही टॉप गिअर, पाय ब्रेकवर टेकवलेला. त्याचं म्हणणं, तू माल जास्त भरतोस म्हणून पॅड जातात.

सवयीने खरंच एवढा फरक पडतो का? आणि सवयीने झिजलेला पॅड नि बिघाडाने झिजलेला पॅड ओळखायचा कसा? जुने पॅड अजून ठेवलेत.

प्रतिसाद १

दोघांचंही खरं आहे, पण भावाकडे दोष जास्त जातो. ब्रेक गाडीच्या गतीची उष्णता करतो. वजन दीडपट झालं तर उष्णता दीडपट, पण वेग दुप्पट झाला तर चौपट. तीच भरलेली गाडी 80 वरून थांबवताना 60 च्या मानाने जवळजवळ पावणेदोन पट उष्णता निघते. म्हणजे लांबूनच अ‍ॅक्सिलरेटर सोडला, गाडी आपसूक 60 वर आली आणि मग ब्रेक दाबला, तर पॅडचं बरंच काम वाचलं. शेपटीला लागून चालणाऱ्याला ही सोयच राहत नाही.

उतारावर पाय टेकवून ठेवणं त्याहून वाईट. पॅडला थंड व्हायला उसंत मिळत नाही, पृष्ठभाग काचेसारखा चकाकतो, पकड कमी होते, मग आणखी जोरात दाबायचं. उतार सुरू व्हायच्या आधीच खालचा गिअर टाका, इंजिनला गाडी अडवू द्या. ब्रेक लागलाच तर नीट दाबून वेग उतरवा आणि पाय पूर्ण उचला. न्यूट्रलमध्ये तर उतरूच नका.

ब्रेक ऑइलही बघा. ते हवेतला ओलावा ओढतं. डॉट 3 दर्जाचं ऑइल ताजं असताना निदान 205 अंशांपर्यंत उकळू नये असा निकष आहे, ओलावा शिरल्यावर तो 140 वर येतो. उतारावर तापून उकळलं की पेडल सरळ खाली जातं.

आता जुने पॅड. पुढच्या दोन चाकांचे चारही सारखे झिजले असतील तर सवय आणि वजन. एकाच चाकाचा आतला पॅड संपलाय आणि बाहेरचा जाड, किंवा पॅड एका टोकाला तिरका झिजलाय, तर कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) पिना नाहीतर पिस्टन जाम असण्याची शक्यता मोठी. तिथे भावाला बोल लावू नका.

धागाकर्ता

मोजले. चारही जवळपास सारखेच, वर चकाकी आहे. भावाला वाचून दाखवलं, गप्प बसलाय!

प्रतिसाद २

थांबा, भावाला एवढ्यात फासावर चढवू नका. मागचे लायनर नव्यासारखे, हे मला खटकतंय. पुढच्या ब्रेकवर भार जास्त असतोच, पण भरलेल्या पिकअपमध्ये मागच्यांनीही आपला वाटा उचलायला हवा. ड्रममधला अ‍ॅडजस्टर (झिजेप्रमाणे अंतर जुळवणारा भाग) अडकला असेल तर शू, म्हणजे लायनर बसवलेले भाग, ड्रमपासून लांब राहतात. दुसरं, बऱ्याच पिकअपना मागच्या अ‍ॅक्सलजवळ वजनानुसार दाब ठरवणारा व्हॉल्व्ह असतो. माल भरला की मागची बाजू बसते, व्हॉल्व्हचा दांडा हलतो आणि मागच्या ब्रेकना दाब वाढतो. मागच्या पाट्यांमध्ये (स्प्रिंगच्या पट्ट्या) काही फेरफार झालाय का?

धागाकर्ता

हो, आधीच्या मालकाने मागे एकेक जादा पाटा टाकलाय. भरली तरी गाडी फारशी बसत नाही.

प्रतिसाद २

मग व्हॉल्व्हला गाडी रिकामीच वाटत असणार, आणि सगळा भार पुढच्या पॅडवर. दांड्याचं माप कंपनीच्या सर्व्हिस मॅन्युअलप्रमाणे तपासून घ्या. जादा पाट्यासकट ते जुळत नसेल तर पाटा काढणं बरं. अंदाजाने दांडा वाकवू नका: मागे दाब जास्त गेला तर रिकाम्या गाडीची मागची चाकं ओल्या रस्त्यावर जाम होतात आणि मागचा भाग आडवा फिरतो. ड्रमही त्याच वेळी उघडून घ्या. भावाचा टॉप गिअर मात्र तरीही सोडवावा लागेल.