‘कूहांडेल’ : लिलावातील पैसे कोणाला, आणि मांजरवेडी मुलगी

प्रश्न (रविवारचा डाव)

भावाने जर्मनीहून येताना मुलीसाठी ‘कूहांडेल’ हा पत्त्यांचा खेळ आणला. 10 प्रकारच्या प्राण्यांची प्रत्येकी 4 पाने असतात. एकेक पान उलटून त्याचा लिलाव पुकारायचा आणि एका प्राण्याची चारही पाने जमवायची. पुस्तिका जर्मन भाषेत असल्यामुळे भावाने फोनवर सांगितले तसे आम्ही चौघे खेळतो.

माझी पहिली शंका अशी, की लिलाव पुकारणाऱ्याला ते जनावर स्वतःच घेता येते का, आणि येत असल्यास पैसे कोणाला द्यायचे? आम्ही ते खोक्यात टाकतो आणि थोड्याच वेळात सगळे कफल्लक होतात. दुसरी अडचण आठ वर्षांच्या मुलीची. गेल्या रविवारी पहिल्याच मांजरावर तिने हातातले सगळे 90 उधळले. पुढे सासऱ्यांनी त्याच मांजरासाठी तिच्यासमोर पैशांची तीन पाने पालथी सरकवली. तिने हरखून मांजर देऊन टाकले, आणि पाने उलटली तर दोन शून्ये व एक दहा! रडारड झाली, सासरे मात्र ‘व्यवहार म्हणजे व्यवहार’ यावर ठाम. मांजराचे गुण 90 आणि घोड्याचे 1000 असताना तिला घोड्यांकडे कसे वळवावे?

प्रतिसाद (जुना खेळिया)

पैसे खोक्यात टाकणे चूक आहे. सर्वांत मोठी बोली लावणारा ती रक्कम लिलाव पुकारणाऱ्याला देतो. पुकारणाऱ्याने स्वतः बोली लावायची नसते, पण ‘तीन वार’ झाल्यावर जनावर आपल्याकडे ठेवावेसे वाटले, तर तेवढीच रक्कम त्याने त्या बोली लावणाऱ्याला द्यायची. पैसा असा खेळाडूंमध्येच फिरतो; नवा पैसा येतो तो फक्त गाढवामुळे. पहिले गाढव उलटले की प्रत्येकाला 50, दुसऱ्याला 100, तिसऱ्याला 200 आणि चौथ्याला 500. म्हणून किती गाढवे निघाली हे मोजत राहावे. सुट्टे परत मिळत नसल्यामुळे दहाच्या नोटा मात्र जपून ठेवाव्यात.

प्रतिसाद (हिशेबनीस)

मुलीला घोड्यांकडे वळवू नका, तिचे फारसे चुकलेले नाही. शेवटी पूर्ण झालेल्या संचांच्या गुणांची बेरीज करून तिला संचांच्या संख्येने गुणतात. नुसते घोडे असतील तर 1000. त्यांच्या जोडीला 10 गुणांचे कोंबडे जमले तर 1010 गुणिले 2, म्हणजे 2020. कोंबड्यांऐवजी मांजरे असतील तर 2180. सगळे ज्याच्याकडे तुच्छतेने पाहतात तो कोंबडा एवढे काम करतो, आणि हातात उरलेल्या रोकडीला शेवटी काहीच किंमत नसते. मात्र पहिल्याच मांजराला 90 देणे महागच, कारण उरलेली तीन मांजरे यायची आहेत आणि तिचा जीव मांजरात अडकला आहे हे घरभर ठाऊक आहे.

प्रतिसाद (बाजारकरी)

आजोबांची बाजू मांडतो. शून्याची पाने गठ्ठा फुगवण्यासाठीच दिलेली असतात. आपल्याकडे गुरांच्या बाजारात रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरतो, तसाच हा पालथ्या पानांचा सौदा. भोवतालच्यांना घासाघीस दिसते, आकडा दिसत नाही. मुलीला एवढेच शिकवा, की समोरचा गठ्ठा लगेच स्वीकारण्याची सक्ती नाही, आपलाही गठ्ठा पालथा पुढे करता येतो. मग गठ्ठ्यांची अदलाबदल होते आणि ज्याने जास्त रक्कम लावली त्याला जनावर मिळते. त्या दिवशी आजोबांच्या 10 ला तिच्याकडून 20 पुरेसे होते. पण ते तिच्याजवळ उरले नव्हते, हे खरे दुखणे.

जाता जाता, ‘कूहांडेल’ म्हणजे शब्दशः गायीचा सौदा, आणि जर्मन राजकारणात तो शब्द आपल्या ‘घोडेबाजारा’सारखाच वापरतात.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद (रविवारचा डाव)

सर्वांचे आभार. काल योग्य नियमांनी खेळलो. मुलीने कोंबडे आणि मांजरे असे दोन संच पूर्ण केले, म्हणजे 100 गुणिले 2. घोडे सासऱ्यांनी नेले आणि जिंकलेही तेच, परंतु चौथ्या कोंबड्यासाठी त्यांनी पुढे केलेला पाच पानांचा जाडजूड गठ्ठा तिने या वेळी निमूटपणे स्वीकारला नाही. स्वतःची तीन पाने पालथी ठेवून ती त्यांच्याकडे बघत बसली. पाने उलटल्यावर त्यांची बेरीज 30 निघाली आणि तिची 70.