शब्द हवा आहे: स्कॅव्हेंजर रिसेप्टर

शेवंती
सिकल सेल या आनुवंशिक रक्तविकारावरच्या एका माहितीपुस्तिकेचं भाषांतर करते आहे. वाचणार नंदुरबार-गडचिरोलीकडच्या आरोग्यसेविका आणि अकरावी-बारावीची मुलं. मूळ मजकुरात सीडी१६३ या रेणूला 'हिमोग्लोबिन स्कॅव्हेंजर रिसेप्टर' म्हटलं आहे. रिसेप्टरला, म्हणजे ठरावीक पदार्थ धरणाऱ्या पेशीवरच्या रेणूला, 'ग्राही' चालेल. अडलं आहे स्कॅव्हेंजरपाशी. आतापर्यंत हाती आलेले पर्याय: मृतभक्षक, सफाई-ग्राही, अपमार्जक ग्राही. कुठला घ्यावा?

पायवाट
मृतभक्षक नक्कीच नको. तो गिधाडा-तरसांसाठी ठीक आहे. उरलेल्या दोघांचं ठरवण्याआधी हा रेणू करतो काय ते बघू.

तांबडी पेशी फुटली की आतलं हिमोग्लोबिन रक्तद्रवात मोकळं सुटतं. सिकल सेलच्या रुग्णात हे सततच चालू असतं. मोकळं हिमोग्लोबिन घातक असतं. रक्तवाहिन्या सैल ठेवणारं नायट्रिक ऑक्साइड ते संपवून टाकतं, आणि मूत्रपिंडातून गाळलं गेलं तर तिथल्या नलिकांना इजा करतं. म्हणून यकृतात तयार होणारं हॅप्टोग्लोबिन हे प्रथिन त्याला घट्ट धरून ठेवतं. ही जोडी जमली की महाभक्षी पेशीच्या (मॅक्रोफेज, म्हणजे जंतू आणि मेलेल्या पेशी गिळणारी पेशी) पृष्ठभागावरचा सीडी१६३ तिला पकडून पेशीत घेतो. रेणू आधीपासून माहीत होता, पण त्याचं हे काम डेन्मार्कमधल्या संशोधकांनी २००१ साली उलगडलं.

खरी मौज पुढे आहे. पेशीत गेल्यावर हीमचे, म्हणजे हिमोग्लोबिनमधल्या लोह असलेल्या भागाचे, तुकडे होऊन लोह, कार्बन मोनॉक्साइड आणि बिलिव्हर्डिन हे हिरवं रंगद्रव्य तयार होतं. लोह शरीर फेकून देत नाही, नव्या तांबड्या पेशींसाठी पुन्हा वापरतं. उरलेल्या दोघांचा परिणाम दाह शमवणारा असतो. इंटरल्युकिन-१० या दाह शमवणाऱ्या संदेशामुळे आणि स्टिरॉइडमुळे पेशीवरचा सीडी१६३ वाढतो, तर जिवाणूंच्या विषामुळे आणि टीएनएफसारख्या दाह पेटवणाऱ्या संदेशांमुळे कमी होतो. म्हणजे साफसफाई, वस्तू परत मिळवणं आणि प्रतिकारयंत्रणेला आवर घालणं, अशी तीन कामं एकाच ठिकाणी होतात. 'सफाई'मध्ये यातलं पहिलंच येतं.

मोडीवाचक
अपमार्जक मी कपडे धुण्याच्या रसायनासाठी वाचला आहे. विद्यार्थी तोच अर्थ घेतील आणि ग्राही काहीतरी विरघळवतो असं समजतील.

आणि इंग्रजी शब्द देवनागरीत तसाच ठेवायलाही माझा विरोध आहे. स्कॅव्हेंजरचा मूळ अवतार लंडनमधला: परक्या व्यापाऱ्यांच्या मालावर कर घेणारा अधिकारी. पुढे त्याच्याकडे रस्ते स्वच्छ ठेवण्याची जबाबदारी आली आणि अर्थ सरकला. आपल्याकडे मात्र तो शब्द कानावर पडतो तो डोक्यावरून मैला वाहायला लावण्याच्या संदर्भात. १९९३ आणि २०१३ च्या बंदी कायद्यांच्या इंग्रजी नावांत तोच आहे. ज्या घरांनी ही सक्ती पिढ्यानपिढ्या सोसली, त्या घरातली मुलगीही ही पुस्तिका वाचणार आहे. शरीरातल्या एका उपयोगी रेणूचं नाव तिला त्या आठवणीतून कळावं, हे मला पटत नाही.

माझी सूचना वेचक ग्राही. पुण्यात 'कचरावेचक' हा शब्द संघटनेच्या बळावर रुळला. काच, पत्रा, कागद वेगळा काढून पुन्हा वापरात आणणाऱ्या कष्टकऱ्यांनी तो स्वतःसाठी मानाने वापरला. लोह परत मिळवणाऱ्या पेशीचं काम याच जातीचं आहे.

तिसरा प्रहर
सीडी१६३ साठी वेचक शोभतो. पण हे नाव एका रेणूचं नाही, मोठ्या गटाचं आहे, आणि गटातले सगळे इतके चोखंदळ नसतात. ही कथा सुरू झाली डॅलसमध्ये. ब्राऊन आणि गोल्डस्टाईन या संशोधकांपुढे कोडं होतं: आनुवंशिक अति-कोलेस्टेरॉलच्या रुग्णांत एलडीएलचा (रक्तातून कोलेस्टेरॉल वाहून नेणाऱ्या कणांचा) ग्राहीच निकामी असतो, मग त्यांच्या धमन्यांतल्या महाभक्षी पेशी कोलेस्टेरॉलने गच्च कशा भरतात? १९७९ साली त्यांच्या प्रयोगशाळेने दाखवलं की साधं एलडीएल या पेशी फारसं घेत नाहीत, पण त्यात रासायनिक बदल केला की वेगळ्याच ग्राहीतून भराभर आत ओढतात. आज 'अ' वर्ग म्हणतात त्यातले ग्राही बदललेलं एलडीएल, जिवाणूंच्या भिंतीतले घटक, मरू घातलेल्या पेशी, असं बरंच काही धरतात. याला वेचणं म्हणायचं?

शिवाय 'वेचक कविता' म्हटलं की निवडक असा अर्थ होतो. विशेषण म्हणून घोटाळा होईल.

पायवाट
पहिल्या आक्षेपाचं उत्तर तुमच्याच उदाहरणात आहे. धडधाकट एलडीएल सोडायचं, बिघडलेलं उचलायचं, ही निवडच झाली. यादी लांब असली तरी मिळेल ते उचललं असं होत नाही. आजार होतो तो हात आखडता न घेतल्यामुळे. पेशीत कोलेस्टेरॉल साठलं की एलडीएलचा नेहमीचा ग्राही कमी होतो, हा कमी होत नाही. पेशी भरत राहते, तिची फेसपेशी होते, आणि धमनीच्या भिंतीत चरबीचा थर चढतो.

आणखी एक. गटातल्या ग्राहींची रचना एकमेकांसारखी नाही. ते एका नावाखाली आले ते केवळ कामामुळे. तेव्हा मराठी नावही कामावरूनच हवं.

मोडीवाचक
'निवडक' अर्थाचा घोटाळा वाक्यात टिकत नाही. 'हिमोग्लोबिन-वेचक ग्राही' असं कर्मासकट लिहिलं की तो उरत नाही. गटाबद्दल बोलताना 'वेचक ग्राही' आणि पहिल्या वेळी अर्धं वाक्य स्पष्टीकरण. मात्र रसायनशास्त्रातले फ्री रॅडिकल (अतिक्रियाशील रेणू) 'स्कॅव्हेंज' करणारे पदार्थ यात ओढू नका. तिथे वेचणं नाही, निष्प्रभ करणं आहे. वर पायवाट यांनी नायट्रिक ऑक्साइडसाठी 'संपवणं' वापरलं, तिथेही इंग्रजीत बहुधा हेच क्रियापद येतं. मराठीत दोन क्रिया वेगळ्या राहतात ते बरंच आहे.

शेवंती
पुढच्याच पानावर 'सोल्युबल सीडी१६३' आहे. 'विद्राव्य' लिहू?

पायवाट
विद्राव्यमुळे गोळी पाण्यात विरघळल्यासारखं वाटेल. इथे दाहाच्या वेळी एक विकर (एन्झाइम) त्याचा पेशीबाहेरचा भाग कापतं आणि तो तुकडा रक्तात फिरू लागतो. 'सुटा सीडी१६३' लिहा. जंतुदोष रक्तात पसरला असेल, किंवा महाभक्षी पेशी बेफाम होऊन स्वतःच्याच रक्तपेशी खात असतील, तेव्हा तो बराच वाढतो. म्हणून डॉक्टरांना त्याची मोजणी उपयोगी पडते.

तिसरा प्रहर
'ग्राही'बद्दलही एक सांगतो. डुकरांच्या प्रजननावर आणि श्वसनावर घाला घालणाऱ्या पीआरआरएस रोगाचा विषाणू याच सीडी१६३ चा आधार घेऊन महाभक्षी पेशीला लागण करतो. हा रोग २०१३ साली मिझोराममध्ये आला तेव्हा तिथल्या पाळणाऱ्यांचं मोठं नुकसान झालं. स्कॉटलंडच्या रोझलिन संस्थेने जनुक-संपादनाने या प्रथिनाचा फक्त पाचवा खंड काढला. ती डुकरं विषाणूला दाद देत नाहीत, आणि हिमोग्लोबिन उचलण्याचं काम मात्र शाबूत राहतं. वेचणारा भाग आणि विषाणूला लागणारा भाग वेगळे आहेत. म्हणून 'ग्राही' आणि 'वेचक' हे दोन्ही शब्द सुटे ठेवा, 'वेचग्राही' असा जोडशब्द करू नका.

शेवंती
ठरलं. पुस्तिकेत असं जाईल: 'फुटलेल्या तांबड्या पेशींतलं हिमोग्लोबिन हॅप्टोग्लोबिन धरून ठेवतं. ही जोडी महाभक्षी पेशीवरचा हिमोग्लोबिन-वेचक ग्राही (सीडी१६३) आत घेतो आणि त्यातलं लोह पुन्हा वापरात येतं. पेशी फार फुटू लागल्या की हॅप्टोग्लोबिन संपत येतं. म्हणून रक्ततपासणीत ते कमी दिसतं.'

पायवाट
'संपत येतं' फार चांगलं. रिपोर्टवर हॅप्टोग्लोबिन कमी का आलं, हे त्या एका क्रियापदाने सेविकेला समजावून सांगता येईल.