वेचणीच्या दिवसांत लेकरू कोणाच्या कडेवर?

पऱ्हाटी (दारव्हा, जि. यवतमाळ)

काम, लेकरे आणि घर यांचा मेळ कसा घालावा, यावर जे काही लिहिले जाते ते बहुधा महिन्याच्या महिन्याला पगार मिळणाऱ्या आणि रविवारी सुटी असणाऱ्या शहरातल्या आईला समोर ठेवून लिहिलेले असते. तिचे कष्ट खोटे नाहीत. परंतु आमच्याकडे हा प्रश्न वेगळ्या रूपात उभा राहतो, आणि तो मला इथे माझ्या घरापासूनच मांडायचा आहे.

मी उमेद या राज्य शासनाच्या ग्रामीण उपजीविका अभियानात बचत गटांचे हिशेब लिहिण्याचे काम मानधनावर करते. त्यासाठी चार गावांत फिरावे लागते. दिवाळीनंतर आमच्या तीन एकरांतला कापूस फुटला की वेचणीलाही जाते, आणि घरचा कापूस आटोपला की दुसऱ्याच्या वावरात मजुरीने जाते. धाकटा मुलगा चौदा महिन्यांचा आहे. मागच्या डिसेंबरात शाळेतून निरोप आला की माझी पाचवीतली मुलगी महिन्याभरात अकरा दिवस गैरहजर होती. तो आकडा ऐकून मला नवल वाटले नाही, कारण ते अकरा दिवस मीच ठरवलेले होते. ज्या दिवशी मी वावरात, त्या दिवशी ती घरी, भाऊ तिच्या कडेवर. मी सगळे नीट सांभाळते म्हणून गाव माझे कौतुक करते. त्या महिन्यात ते दहा वर्षांच्या मुलीने सांभाळले होते.

लेकरू सोबत नेले तर काय होते, हेही सांगते. वेचणीची मजुरी किलोवर असते. पाजायला बसले, झोळी हलवायला धुऱ्यापर्यंत, म्हणजे बांधापर्यंत गेले, रडते म्हणून उचलून घेतले, की तेवढा वेळ ओटीत कापूस पडत नाही, आणि संध्याकाळी काट्यावर ते लगेच दिसते. 1961 च्या प्रसूती लाभ कायद्याने मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत आईला कामाच्या दिवसात स्तनपानासाठी दोन वेळा सुटी दिली. 2017 च्या दुरुस्तीने पहिल्या दोन बाळंतपणांसाठी 26 आठवड्यांची भरपगारी रजा दिली आणि पन्नास किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी पाळणाघर बंधनकारक केले. हे सर्व योग्यच झाले. पण आज या मालकाच्या आणि उद्या त्या मालकाच्या वावरात जाणाऱ्या बाईपर्यंत यातले काहीच पोहोचत नाही, कारण तिची आस्थापना म्हणजे पऱ्हाटीच्या, कापसाच्या झाडांच्या ओळी. रोजगार हमीच्या 2005 च्या कायद्यात मात्र हा विचार झाला होता: कामावर आलेल्या बायांबरोबर सहा वर्षांखालची पाच किंवा अधिक मुले असतील, तर त्यांना सांभाळण्यासाठी एक बाई नेमावी आणि तिलाही मजुरी द्यावी. म्हणजे लेकरू सांभाळणे हे मजुरीचे काम आहे, हे सरकारने एकदा कागदावर मान्य केलेले आहे.

माझे म्हणणे असे आहे की गावात सोयाबीनच्या सोंगणीपासून कापसाच्या शेवटच्या वेच्यापर्यंत, सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा चालणारे पाळणाघर हवे. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले दहा टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात. ती रक्कम प्रथम या कामाला लावावी, आणि बाकी वस्तूवाटपाचा विचार त्यानंतर व्हावा.

आजी (आर्वी, जि. वर्धा)

मुली, तुझे लिहिणे मी नातवाकडून दोनदा वाचून घेतले. शाळा बुडाली हे वाईट झाले, त्यात दुमत नाही. पण तू सांगतेस तो उपाय मला पटत नाही.

माझी धाकटी मुलगी धुऱ्यावरच्या बाभळीला बांधलेल्या झोळीत वाढली. एक दिवस मी तिला पाजायला आले, तेव्हा झोळीखालून साप निघून गेला. तिला काही झाले नाही, पण माझे हातपाय संध्याकाळपर्यंत थरथरत होते. त्याच दिवशी मी ठरवले की सुनेच्या लेकराला वावरात न्यायचे ते चालायला लागल्यावरच. दोन्ही नातवंडे मी घरी सांभाळली. सून निंदणाला गेली, वेचणीला गेली, घरी आली तेव्हा लेकरू न्हाऊन-खाऊन झोपलेले असे. यासाठी कोणता निधी लागला नाही.

पाळणाघरातली एकटी बाई आठ-दहा लेकरे पाहणार. त्यातले एक तापले तर ती त्याला घेऊन दवाखान्यात जाईल की बाकीच्यांजवळ बसेल? आणि ज्या घरांत सासू-सासऱ्यांना लग्नानंतर वर्षभरातच वेगळे काढले जाते, त्या घरांनी गावाकडे पाळणाघर मागावे, याचे मला दुःख होते. लेकराला सांभाळणाऱ्या हाताबरोबर माया लागते, आणि ती मजुरीने मिळत नाही.

शिक्षिका (मूल, जि. चंद्रपूर)

आजी, आपल्याविषयी आदर ठेवूनच लिहिते. आपण नातवंडे सांभाळू शकलात, कारण तेव्हा आपण स्वतः मजुरीला जात नव्हता. माझ्या वर्गातल्या कितीतरी मुलांच्या आज्या पंचेचाळीस-पन्नास वर्षांच्या आहेत, आणि रोवणीच्या दिवसांत त्या सुनेच्या बरोबरीने चिखलात उभ्या असतात. त्यांची एक दिवसाची रोजी बुडाली तर घरात ते जाणवते. आजी घरात असणे आणि आजी मोकळी असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

माझी स्वतःची गोष्ट सांगितल्याशिवाय हे लिहिणे प्रामाणिक होणार नाही. मला भरपगारी प्रसूती रजा मिळाली. राज्य शासनाने 2018 मध्ये लागू केलेल्या 180 दिवसांच्या बालसंगोपन रजेतलेही काही दिवस मी घेतले. त्यानंतर मुलाला सांभाळायला गावातलीच एक बाई ठेवली, आणि पुढली दोन वर्षे माझी नोकरी तिच्या भरवशावर चालली. तिची मोठी मुलगी माझ्याच शाळेत होती. ती वरचेवर गैरहजर राहू लागली म्हणून मी चौकशीला घरी गेले, तर ती लहान बहिणीला मांडीवर घेऊन बसलेली होती. तिची आई त्या वेळी माझ्या घरी माझ्या मुलाला भरवत होती. हजेरीपटावर त्या मुलीच्या नावापुढे मी स्वतःच्या हाताने गैरहजेरी लिहीत होते, आणि त्या गैरहजेरीचे एक कारण मी होते. म्हणून पऱ्हाटीताईंच्या मागणीला माझा पाठिंबा आहे.

मात्र एक गोष्ट त्यांनी सोडली आहे. पाळणाघर लेकराला सांभाळेल. पण पहाटेचा स्वयंपाक, पाणी भरणे, धुणे आणि संध्याकाळी परत आल्यावरची चूल कोण सांभाळणार? नवऱ्याने घरात हात लावल्याशिवाय बाईचा दिवस लहान होणार नाही.

शेतकरी (मोर्शी, जि. अमरावती)

नवऱ्याचा उल्लेख आला म्हणून लिहितो. आमच्याकडे संत्र्याच्या बागा आहेत आणि शेतीपंपाची वीज पुष्कळदा रात्रीची असते. जानेवारीच्या थंडीत रात्री एकला उठून पाणी द्यायला जाणारा पुरुषच असतो. फवारणी, खताची पोती, मंडीत माल नेणे, बँकेतल्या खेपा, आणि भाव पडला तर वर्षभर डोक्यावर राहणारे कर्ज, या सगळ्याला कोणी घरकाम म्हणत नाही, म्हणून ते घरासाठी नसते असे नाही. माझी पत्नी कष्ट करते, हे मी नाकारत नाही. पण पुरुष बसून खातो, असे चित्र उभे करणे अन्यायाचे आहे.

पाळणाघराविषयीही शंका आहे. जुलै 2024 पासून लाडकी बहीण योजनेतून पात्र बहिणींना दरमहा 1,500 रुपये मिळू लागले. ज्या आईला गरज आहे तिने त्यातून शेजारच्या बाईला काही देऊन लेकरू ठेवावे. गावपातळीवरची प्रत्येक नवी इमारत काही वर्षांनी कुलूपबंद होते, हे आपण सर्वांनी पाहिले आहे.

पऱ्हाटी (दारव्हा)

भाऊ, रात्रीच्या ओलिताचे कष्ट मी जवळून पाहते आणि ते कमी लेखत नाही. पुरुष बसून खातो, असे मी कोठेही लिहिलेले नाही. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने 2019 मध्ये देशभर वेळेच्या वापराचे सर्वेक्षण केले. त्यात शेती, नोकरी, प्रवास, झोप असा चोवीस तासांचा हिशेब वेगवेगळा मांडलेला आहे, म्हणजे आपले ओलितही त्यात शेतीच्या कामात मोजले जाते. घरच्यांसाठी बिनमोबदला घरकाम करणाऱ्या बाया 81.2 टक्के निघाल्या आणि पुरुष 26.1 टक्के. वेळ पाहिला तर बायांचा दिवसाला सरासरी 299 मिनिटे आणि पुरुषांचा 97 मिनिटे. यात ध्यानात घेण्यासारखे हे की ती 97 मिनिटे घरकामाला हात लावणाऱ्या 26 टक्के पुरुषांचीच आहेत. बाकीच्यांचा वेळ त्या सरासरीत धरलेलाच नाही.

1,500 रुपये हातात येणे महत्त्वाचे आहे. माझ्या गटातल्या कितीतरी जणींचे किराण्याचे उधार त्याने फिटले. परंतु वेचणीच्या दिवसांत शेजारची बाई कोठे असते? तीही वावरातच असते. त्या महिन्यांत पैसे देऊनही माणूस मिळत नाही, म्हणून तर मी सामायिक व्यवस्थेची गोष्ट करते आहे. इमारत मागितलेली नाही. समाजमंदिराची एक खोली, स्वच्छ पाणी आणि दोन बाया पुरतील.

शिक्षिकाताई, नवऱ्याच्या वाट्याचा मुद्दा तुम्ही बरोबर मांडला. मी तो मागे ठेवला, कारण तो प्रत्येक घरात स्वतंत्रपणे लढावा लागतो आणि त्याला वर्षे लागतात. माझ्या मुलीची पाचवी मात्र याच वर्षी आहे.

अंगणवाडीताई (घाटंजी, जि. यवतमाळ)

हा धागा वाचताना मला भीती वाटत होती की कोणीतरी लिहील, अंगणवाडीच संध्याकाळपर्यंत उघडी ठेवा. अजून कोणी लिहिले नाही, तरी ग्रामसभेत हेच सुचवले जाणार, म्हणून आधीच सांगते.

आमच्याकडे तीन ते सहा वर्षांची मुले येतात आणि दुपारी घरी जातात. तीन वर्षांखालच्या मुलांसाठी घरी नेण्याचा आहार असतो. ती मुले दिवसभर केंद्रात राहतील अशी रचनाच नाही. वजने घेणे, गरोदर आणि स्तनदा मातांच्या भेटी, लसीकरणाचा दिवस आणि मोबाइलमध्ये भरायची माहिती, हे सर्व आमच्याकडेच आहे. अंगणवाड्या ज्यातून चालतात ती एकात्मिक बालविकास योजना 1975 मध्ये सुरू झाली, आणि आजही आम्हाला वेतन मिळत नाही, मानधन मिळते. आम्हाला ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाला 2022 मध्ये सांगावे लागले.

मलाही दोन मुले आहेत. गावातल्या आयांचा दिवस हलका करण्यासाठी माझा दिवस सहा वाजेपर्यंत ओढायचा असेल, तर तो वेगळा नेमलेल्या आणि वेगळी मजुरी मिळणाऱ्या माणसाने ओढावा. पाळणाघराला माझा विरोध नाही; ते आमच्या माथी मारण्याला आहे.

ग्रामपंचायत सदस्य (लोणार, जि. बुलढाणा)

दहा टक्क्यांचा हिशेब एकदा खरोखर मांडून पाहावा. ती रक्कम ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नावर निघते, म्हणजे मुख्यतः घरपट्टी आणि पाणीपट्टीवर. लहान गावात पिकाचे पैसे आल्याशिवाय घरपट्टी भरली जात नाही, आणि पीक बुडाले तर त्या वर्षी मागायला जाण्याचीही लाज वाटते. अशा गावात दहा टक्क्यांतून दोन बायांची चार महिन्यांची मजुरी निघणार नाही. मागणी योग्य आहे, पण एवढ्याच निधीवर ती उभी केली तर दुसऱ्या महिन्यात बंद पडेल. महिला ग्रामसभेत ठराव करावा आणि त्यात पैशाचा दुसरा मार्गही लिहावा.

रोवणीवाली (लाखांदूर, जि. भंडारा)

आमच्या टोळीत चौदा बाया आहेत. धानाची रोवणी आम्ही गुत्त्याने, म्हणजे पूर्ण कामाचे ठरलेले पैसे ठरवून घेतो. टोळीतल्या एका आजीला आता वाकवत नाही. ती बांधीपासून, म्हणजे धानाच्या शेतापासून जवळच्या मांडवात लेकरे घेऊन बसते आणि गुत्त्याचे पैसे आले की तिला आमच्याइतकाच वाटा मिळतो. सुरुवातीला दोघी-तिघींनी कुरकुर केली की तिने धानाचे एक रोप लावले नाही, मग वाटा बरोबरीचा कशाला. पण पाजायची वेळ सोडून कोणालाच उठावे लागत नाही, त्यामुळे बांधी लवकर आटोपते, हे सर्वांनी पाहिले. चार वर्षे झाली. आम्ही कोणाकडे काही मागितले नाही. मिळाले तर नको म्हणणार नाही.

पऱ्हाटी (दारव्हा)

लाखांदूरच्या ताई, तुमचा प्रतिसाद मी काल आमच्या गटात वाचून दाखवला. वेचणीत गुत्ता नसतो, ज्याचे त्याचे वजन असते, म्हणून वाटा कसा काढायचा यावर पुष्कळ बोलणे झाले. शेवटी असे ठरले की आम्ही सात जणींनी रोज संध्याकाळी आपल्या वजनातून पाच-पाच किलोंची मजुरी काढायची. ती पस्तीस किलोंची होते, म्हणजे जी आठवी बाई लेकरे सांभाळेल तिची दिवसाची वेचणी साधारण भरून निघते. जागा माझ्या घराची ओसरी. आजींची तापाची शंका मनात होती, म्हणून दुपारी एकीने घरी येऊन पाहून जायचे, आणि ती पाळी रोज बदलायची.

यामुळे ग्रामपंचायतीवरची मागणी मी मागे घेत नाही. पाच किलो हे आमच्याच घामातून जाणार आहेत, आणि ज्या घरात त्या पाच किलोंवरच संध्याकाळचे तेल-मीठ येते, ती बाई आमच्यात येऊच शकणार नाही. आमच्या गावात अशा किमान चार जणी आहेत. 26 जानेवारीच्या ग्रामसभेआधी महिला ग्रामसभा होईल, तेथे मी या चार घरांचा खर्च दहा टक्क्यांतून मागणार आहे. लोणारचे भाऊ म्हणतात ते खरे असले, तरी चार घरांपुरती रक्कम त्यातून निघावी.

ताई, दोन गोष्टी विचारायच्या होत्या. तुमच्या आजींना वाटा रोज मिळतो की गुत्ता आटोपल्यावर एकदम? आणि एखादे दिवशी त्यांनाच बरे नसले, तर त्या दिवशी मांडवात कोण बसते?